हॉटेलच्या नोकरीत बायकांची बढती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फ्रंट ऑफिसला ट्रेनी म्हणून लागले आणि रूम्स डिव्हिजन मॅनेजर म्हणून बाहेर पडले. मधली एकवीस वर्षं मुंबई, पुणे आणि गोव्यात गेली. आता हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजांत अधूनमधून शिकवायला जाते. तास संपला की मुली टेबलाभोवती गोळा होतात. पास होऊन कामाला लागलेल्या मुलींचे मेसेज मात्र रात्री साडेअकराला येतात, ड्यूटी संपवून घरी जाताना. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. विषयवार क्रम लावलेला नाही, जे जास्त विचारलं जातं ते आधी घेतलंय.

घरचे म्हणतात, हॉटेल लाइन मुलींची नाही. त्यांना काय सांगू?

दादरच्या कॉलेजची गोष्ट सांगा. वीर सावरकर मार्गावरचं, सगळे ज्याला 'दादर कॅटरिंग' म्हणतात ते, 1954 साली सुरू झालं. देशातलं या विषयाचं ते पहिलं कॉलेज, आणि ते काढलं बायकांनी. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने. पुढे थंगम फिलिप तिथे अनेक वर्षं प्राचार्य होत्या. त्यांना 1976 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांचं पाककलेचं जाडजूड पुस्तक अजूनही पोरं बगलेत मारून फिरतात. म्हणजे आज मोठमोठ्या किचनांत रुबाब करणाऱ्या कितीतरी शेफना मुळात बायकांनी उभ्या केलेल्या कॉलेजात कांदा चिरायला शिकवलं गेलं. लाइन मुलींची नाही हे कुणाला कधी सुचलं देव जाणे.

घरच्यांची खरी भीती वेगळी असते. उशिरा येणं, दारू पिणारे गेस्ट आणि 'स्थळं येतील का'. पहिल्या दोन गोष्टींबद्दल पुढे लिहिलंय. तिसरीचं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक करता येतं. आईवडिलांना एकदा हॉटेल दाखवा, आणि लॉबी नाही, मागची बाजू. स्टाफ कॅफेटेरिया, लॉकर रूम, युनिफॉर्म रूमची खिडकी, टाइम ऑफिस. बरीच हॉटेलं वर्षातून एकदा फॅमिली डे करतात. माझे बाबा सोलापूरहून आले, त्यांनी आमच्या कॅफेटेरियात वरणभात खाल्ला आणि 'जेवण बरं आहे' म्हणाले. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

वर्गात निम्म्या मुली असतात. मग जनरल मॅनेजर बायका इतक्या कमी का?

या पानावरचा हा मुख्य प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

जीएमची खुर्ची बहुतेक वेळा दोन वाटांनी मिळते, रूम्स (खोल्यांचं खातं) किंवा एफ अँड बी (खाण्यापिण्याचं खातं). कारण हॉटेलचा पैसा तिथे येतो, आणि मालकाला पैशाची भाषा बोलणारा माणूस हवा असतो. मुलींना कुठे नेमतात ते बघा. गेस्ट रिलेशन्स, रिझर्व्हेशन, ट्रेनिंग, एचआर, सेल्स कोऑर्डिनेशन. सगळी कामं चांगली, कष्टाचीही, पण त्यांत बजेट हातात येत नाही आणि रात्री हॉटेल तुमच्या भरवशावर सोडलं जात नाही. माझ्या मते बढतीचं गणित रात्र आणि पैसा या दोनच गोष्टींवर ठरतं. बाकी 'तुझी पर्सनॅलिटी छान आहे' वगैरे ऐकायला बरं असतं.

मुलींना यापासून कुणी दुष्टपणे बाजूला ठेवत नाही, गंमत तीच आहे. माझे पहिले फ्रंट ऑफिस मॅनेजर अतिशय सज्जन गृहस्थ होते. दर सोमवारी रोस्टर लागायचं आणि माझ्या नावापुढे सातही दिवस 'एम' किंवा 'जी', म्हणजे मॉर्निंग किंवा जनरल. मी काही म्हणण्याआधी तेच म्हणायचे, 'तुला नाइट नको गं, कुठे जागतेस, मी मुलांना लावतो.' मला बरंच वाटलं. तीन वर्षं बरं वाटत राहिलं. मग ड्यूटी मॅनेजरची जागा निघाली. माझ्या बॅचच्या मुलाला ती मिळाली. मला अप्रेझलमध्ये कारण लेखी मिळालं, 'नाइट ऑपरेशन्सचा अनुभव नाही.' सही त्याच सज्जन गृहस्थांची होती.

मी तेव्हा टॉयलेटमध्ये जाऊन रडले. रडणं झाल्यावर रोस्टरमध्ये नाइट लावा अशी मागणी लेखी दिली.

नाइट केलीच पाहिजे का? कायदा काय म्हणतो?

आयुष्यभर नाही. पण वर्षभर तरी हवीच, आणि लवकर, पहिल्या तीन-चार वर्षांत.

महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती दिली तर सुरक्षितता आणि सन्मानाची व्यवस्था तर हवीच, शिवाय घराच्या दारापर्यंत वाहन देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे 'मुलींना नाइट चालत नाही' हे एचआरचं वाक्य चुकीचं आहे. तुमची इच्छा आणि त्यांची गाडी, दोन्ही असेल तर चालतं. बऱ्याचदा गाडीचा खर्च वाचवायचा असतो आणि नाव काळजीचं घेतलं जातं.

आता रात्री नेमकं शिकायला काय मिळतं? साधारण एकनंतर लॉबी रिकामी होते. पॉलिशिंगचं मशीन घरघरायला लागतं. नाइट ऑडिटर सगळ्या खोल्यांचं भाडं बिलांवर चढवतो, रेस्टॉरंट आणि बारची बिलं जुळवतो, रोकड आणि कार्डांचा हिशेब लावतो. मग सिस्टीममधली तारीख बदलते. हॉटेलचा दिवस घड्याळात बाराला संपत नाही, तो ऑडिट पूर्ण झालं की संपतो. त्या कागदांत काल हॉटेलने काय कमावलं ते सगळं असतं आणि ते सगळ्यात आधी रात्रीच्या माणसाला दिसतं. शिवाय रात्री वर विचारायला कुणी नसतं. लिफ्ट अडकली, 612 मधल्या आजोबांच्या छातीत दुखतंय, चार खोल्या जास्त विकल्या गेल्यात आणि पहाटे तीनला दिल्लीच्या फ्लाइटचे गेस्ट दारात उभे आहेत. निर्णय तुम्हीच घ्यायचा आणि सकाळी लॉग बुकमध्ये तुमच्याच अक्षरात लिहायचा. अशी तीस पानं तुमच्या नावावर झाली की इंटरव्ह्यूत फार बोलावं लागत नाही.

मी गेस्ट रिलेशन्समध्ये चार वर्षं आहे. अडकले का?

अजून नाही, पण दार बंद होत चाललंय. क्रॉस ट्रेनिंग, म्हणजे दुसऱ्या खात्यात जाऊन शिकणं, मागा. आधी नाइट ऑडिट, मग रेव्हेन्यू (खोल्यांचे दर ठरवणारं खातं). मागताना तारखा घालून ई-मेल करा. तोंडी मागितलेलं सीझनमध्ये वाहून जातं.

आकडे कळत नाहीत. कुठून सुरुवात करू?

तीन आकडे पुरेत. शंभर खोल्यांचं हॉटेल धरा. काल सत्तर खोल्या गेल्या, सरासरी पाच हजारांनी. ऑक्युपन्सी 70 टक्के, एआरआर, म्हणजे विकलेल्या खोलीचा सरासरी दर, 5,000 आणि रेव्हपार 3,500, म्हणजे रिकाम्या खोल्या धरून प्रत्येक खोलीमागे मिळालेले पैसे. आता दर चार हजारांवर आणून ऐंशी खोल्या विकल्या तर? गर्दी वाढली, रेव्हपार 3,200 वर आला. वर दहा खोल्या जास्त धुवायच्या, दहा न्याहाऱ्या जास्त. 'हाउसफुल्ल' ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या मीटिंगमध्ये हे शांतपणे सांगणारी बाई लोकांच्या लक्षात राहते.

एफ अँड बीत असाल तर फूड कॉस्ट. चारशेच्या डिशमध्ये एकशे वीसचा माल गेला तर 30 टक्के. आपल्या आयांनी महिनाअखेर वाण्याच्या वहीशी हेच केलंय, फक्त टक्केवारी काढली नाही. सकाळच्या ब्रीफिंगला रोज हे आकडे वाचतात. पंधरा दिवस वहीत उतरवा, बदल का झाला ते शेजारी लिहा. कोर्सबिर्स नंतर.

किचनमध्ये मुलींना बेकरीतच का टाकतात?

'नाजूक काम आहे' म्हणून. आणि 'पातेलं उचलवणार नाही' म्हणून. बँक्वेटचं भरलेलं पातेलं कुठलाच शहाणा माणूस एकटा उचलत नाही. दोघं उचलतात, नाहीतर ट्रॉली असते. एकट्याने उचलणाऱ्यांच्या कमरा चाळिशीत काय म्हणतात ते त्यांनाच विचारा.

बेकरी मनापासून आवडत असेल तर तिथे थांबा, पेस्ट्री शेफ हे मोठं पद आहे. पण एक्झिक्युटिव्ह शेफ व्हायचं असेल तर कॉमी, म्हणजे अगदी खालच्या पायरीवरचा शेफ, असतानाच इंडियन आणि कॉन्टिनेंटलची हॉट रेंज (शेगडीवरचं काम), बुचरी (मांस कापण्याचा विभाग) आणि बँक्वेट किचन पार पाडा. सीडीपी, म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख शेफ, झाल्यावर सेक्शन बदलणं अवघड जातं, कारण मग तुमच्या हाताखाली माणसं असतात आणि चुका त्यांच्यासमोर होतात. दुसरं म्हणजे इंडेंट (मालाची मागणी लिहून देणं) आणि स्टोअरचं काम अंगावर घ्या. पोरं ते टाळतात. सू शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा) निवडताना मात्र 'ऑर्डरिंग कुणाला जमतं' हेच विचारलं जातं.

मुंबईच्या गरिमा अरोरा यांच्या बँकॉकमधल्या रेस्टॉरंटला 2018 मध्ये मिशलिन स्टार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचं नाव वर्गात घेतलं की मुली फोटो काढतात. मी म्हणते फोटो काढा, पण उद्या सकाळी बुचरीत नाव घाला.

बारमध्ये काम करणं कायदेशीर आहे का?

आहे. पूर्वी दिल्लीत लागू असलेल्या 1914 च्या पंजाब अबकारी कायद्याच्या कलम 30 मुळे दारू जिथे प्यायली जाते तिथे बायकांना आणि पंचवीस वर्षांखालच्या पुरुषांना नोकरी देता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग खटल्यात 2007 मध्ये ते कलम रद्द ठरवलं. न्यायालयाचा रोख साधा होता. धोका आहे म्हणून बाईला घरी बसवायचं नसतं, तिच्या सुरक्षेची सोय करायची असते. मॅनेजर 'तुला बार नको' म्हणाला की मला हा खटला आठवतो.

आपल्याकडे शतभी बासू 1980 च्या दशकापासून मुंबईत बारमागे उभ्या आहेत. देशातल्या पहिल्या महिला बारटेंडर म्हणून त्यांना ओळखतात. पुढे त्यांनी बारटेंडिंग शिकवणारी संस्थाही काढली. पगाराच्या बाजूने सांगायचं तर बार हे हॉटेलातलं भरपूर नफ्याचं खातं आहे, आणि रात्र व पैसा दोन्ही तिथे एकाच काउंटरवर मिळतात.

गेस्ट वाईट वागला तर? तो तर 'देव' असतो.

देवाच्या नावावर खूप खपवलंय आपण.

आधी रोजच्या सवयी. खोली साफ करताना दार उघडं आणि ट्रॉली दारात आडवी. गेस्ट आत असेल तर 'नंतर येते' म्हणून पुढची खोली. रूम सर्व्हिसला रात्री एकटीने जायचं नाही, आणि ट्रे आत ठेवताना दाराला स्टॉपर. हे नियम नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगणारी सुपरवायझर भेटली तर तिला धरून राहा.

तरी घडलं तर त्याच शिफ्टमध्ये ड्यूटी मॅनेजरला सांगा आणि लॉग बुकमध्ये नोंद करून घ्या. वेळ, खोली नंबर, शब्द जसेच्या तसे. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात छळणारा सहकारीच असला पाहिजे असं नाही. कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि पोलिसांत जायचं असेल तर मदत करणंही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. छोट्या लॉजमध्ये काम करत असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

अजून एक, आतलं सांगते. बऱ्याच तक्रारी गेस्टविरुद्ध नसतात, शिफ्ट इन्चार्जविरुद्ध असतात. रोस्टर त्याच्या हातात असतं म्हणून मुली बोलत नाहीत. चौकशी सुरू असताना तुमची किंवा त्याची बदली, किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी मागणी समितीकडे लेखी करता येते. त्याची बदली मागा. आपण का हलायचं?

लग्न, बाळंतपण. इथेच सगळ्या गळतात ना?

हो, बऱ्याच. आणि दोष बाळाला दिला जातो. खरा दोष ब्रेक शिफ्टचा. सकाळी अकरा ते तीन, मग पुन्हा सात ते बारा. मधले चार तास ना घरचे ना दारचे. तान्हं मूल असलेल्या बाईला सलग शिफ्ट दिली की ती टिकते. मी तीन सुपरवायझर अशा टिकवल्या, जादू काही केली नाही, रोस्टर बदललं.

कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे. अट इतकीच की आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी. हाउसकीपिंगमध्ये निम्मा स्टाफ ठेकेदाराचा असतो आणि त्यांना 'तुम्हाला लागू नाही' सांगतात. लागू आहे. आणि गरोदर आहे म्हणून काढून टाकता येत नाही.

सातव्या महिन्यात गादी उचलून चादर खोचू नका. लिनन रूम, कंट्रोल डेस्क, ट्रेनिंग अशी कामं तात्पुरती घ्या, पण 'अमुक तारखेपर्यंत' असं लिहून घ्या. माझी एक मैत्रीण बाळंतपणाहून परत आली, 'सहा महिने एचआरला बस, सोपं पडेल' म्हणाले. मुलगा आता आठवीत आहे, ती अजून एचआरलाच आहे.

आणि गणपती. कोकणातल्या मुलींनो, सुट्टी जूनमध्येच टाका. ऑगस्टमध्ये मागितली तर सगळं कणकवली तुमच्या पुढे रांगेत असतं. 31 डिसेंबर आणि लग्नसराईत मागूच नका, मिळणार नाही आणि नाव खराब होईल.

मी बारावी झालेली रूम अटेंडंट आहे. पदवी नाही. पुढे जाता येईल?

येईल, फ्लोअर सुपरवायझरपर्यंत नक्की, त्यापुढेही. अडतं ते कंप्युटरवर. अटेंडंट रोज चौदा-पंधरा खोल्या चकाचक करते, पण ऑपेरामध्ये (हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये) खोलीचं स्टेटस बदलायला सुपरवायझर लागतो. कंट्रोल डेस्कवरच्या मुलाला चहा पाजा आणि महिनाभर त्याच्या शेजारी बसा. लिननचा पार स्टॉक मोजायला शिका. एक सेट खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात असं तीन पार धरून महिन्याला किती टॉवेल हरवले ते सांगता आलं की तुम्ही खर्चाच्या बाजूला आलात. इंग्रजी? मोडकं चालतं. मी पाहिलेली उत्तम एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर रत्नागिरीकडची होती, तिचं 'सर, यू प्लीज वेट' ऐकून भले भले गप्प बसायचे.

पगारवाढ कशी मागू?

सीटीसी, म्हणजे कंपनीने सांगितलेला एकूण पगाराचा आकडा, ऐकून हुरळू नका. ड्यूटीवरचं जेवण आणि युनिफॉर्मची धुलाईसुद्धा त्यात पैसे लावून दाखवतात. हातात किती, सर्व्हिस चार्जचा वाटा किती, हे विचारा. ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. 'कॉम्प ऑफ (जादा कामाबदली सुट्टी) घे' म्हटलं तर तो ऑफ त्याच महिन्यात घ्या, साठवलेले ऑफ कुणी परत देत नाही. मागताना 'घरचा खर्च वाढला' म्हणू नका. 'माझ्या शिफ्टमध्ये एवढी अपग्रेड्स विकली, एवढी रक्कम' म्हणा.

गोवा चांगलं की मुंबई?

गोवा शिकायला छान. ऑक्टोबर ते मार्च इतकं काम येतं की दोन वर्षांचा अनुभव सहा महिन्यांत होतो. पावसाळ्यात मोकळा वेळ मिळतो, तो क्रॉस ट्रेनिंगचा. पर्वरीच्या आयएचएम या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजातून आलेल्या कोकणी-मराठी मुली स्थानिक असल्याने घरून ये-जा करतात, तो मोठा फायदा. बाहेरून जाणार असाल तर स्टाफ अकोमोडेशन स्वतः बघितल्याशिवाय होकार देऊ नका. मुंबईत बिझनेस हॉटेलं, त्यामुळे आकडे आणि रेव्हेन्यू शिकायला ती बरी. क्रूझचं काम पैशाला चांगलं, पण परतल्यावर इथली हॉटेलं तो अनुभव अर्धाच धरतात.

नोकरी पुरे, स्वतःचं होमस्टे काढायचंय.

महाराष्ट्र सरकारचं 2023 चं 'आई' हे महिला पर्यटन धोरण बघा. पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर 12 टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा मिळतो, सात वर्षं किंवा साडेचार लाख, जे आधी होईल तोवर. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. चादरी मात्र आधी म्हटल्याप्रमाणे तीन पार घ्या, कोकणातल्या पावसात वाळत नाहीत.

कुणाकडे बघून शिकावं?

सभांमध्ये प्रिया पॉल यांचं नाव घेतात. वडिलांच्या निधनानंतर 1990 मध्ये ऐन पंचविशीच्या आत त्यांनी पार्क हॉटेल्सची धुरा घेतली, ते सोपं नव्हतंच. पण ते घरचं हॉटेल. पगारावर काम करणाऱ्या मुलीला कमेलिया पंजाबी जास्त उपयोगाच्या. त्या ताजमध्ये सेल्स-मार्केटिंगमधून वर आल्या आणि 1982 मध्ये लंडनला बॉम्बे ब्रॅसरी उभी करण्यामागे त्या होत्या. आणि तुमच्याच हॉटेलात नाइट मॅनेजर असलेली एखादी बाई असेल तर तिच्याबरोबर एकदा पहाटे चारचा चहा घ्या.

पहिल्या नाइटला बॅगेत काय ठेवू?

फ्लॅट बूट, कारण हिल्सवर पहाटे पाय सुजतात. सेफ्टी पिना, युनिफॉर्मच्या साडीच्या निऱ्या नेमक्या तीनला सुटतात. स्वेटर, लॉबीचा एसी रात्री वेगळाच असतो. सॅनिटरी पॅड, टॉर्च, पॉवर बँक. डबा जड नको, डाळ-भाताने झोप येते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरी. ड्रॉपच्या गाडीचा नंबर घरी मेसेज केलेला. आणि एक छोटी वही, निळी-काळी कुठलीही, लॉग बुकमध्ये जे लिहिलंत ते स्वतःसाठीही त्यात उतरवून ठेवायला.